गाडीला नाव असते, चालकाला नसते

आपल्या त्रैमासिकांतून कवितेची चिकित्सा होते, आत्मकथनांवर चर्चासत्रे होतात, एखाद्या नाटकावर दोन-दोन अंक वाद चालतो. हे व्हायलाच हवे. परंतु संध्याकाळी सात ते दहा या वेळात आपल्या वस्त्यांतून घरोघर जे पाहिले जाते, त्याच्याकडे आपला समीक्षक ढुंकूनही पाहत नाही. "मालिकांवर काय लिहायचे? तो प्रस्थापितांचा धंदा आहे," असे चळवळीतल्या एका ज्येष्ठ मित्राने मला ऐकवले. धंदा आहे हे खरेच. पण बलुतेदारी ही देखील धंद्याचीच व्यवस्था होती, आणि तिच्यावर आपण लिहिलेच की. ज्या गोष्टीने आपल्या पोरांच्या डोक्यात माणसाची किंमत ठरते, ती गोष्ट समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे हा सोवळेपणा झाला. तो आपल्याला परवडणारा नाही.

मी अक्कलकोटात राहतो आणि इथेच महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गाला व्यक्तिचित्रण शिकवत होतो. कथा-कादंबऱ्यांतली उदाहरणे देऊन मी थकलो आणि ऐकून मुले थकली. शेवटी म्हणालो, तुम्ही रोज पाहता त्या मालिकेतले एक पात्र घ्या, त्या पात्राची एक वस्तू निवडा आणि त्या वस्तूतून ते पात्र कसे दिसते ते लिहून आणा. निम्म्याहून अधिक मुलांनी गाडी निवडली. मला वाटले होते कुंकू, मंगळसूत्र, देव्हारा असले काही येईल. आले ते टायर.

मुलांचे निरीक्षण तिखट होते. उद्योगपती नायकाचा प्रवेश कसा होतो, तर आधी चाक दिसते, मग उघडणारे दार, मग बूट आणि सर्वांत शेवटी चेहरा. म्हणजे माणूस येण्यापूर्वी त्याची ऐपत येते. नायिका रिक्षातून किंवा बसमधून येते, आणि पहिल्या भेटीत नायकाच्या गाडीचे चाक तिच्या अंगावर चिखल उडवते. त्या चिखलातूनच पुढे प्रेम उगवते. पुढारी पांढऱ्या गाडीत असतो. कपटी माणसाच्या गाडीची काच काळी असते आणि ती हळूहळू खाली येते. गावाकडच्या रांगड्या गड्याला बुलेट लागते, कारण त्याचा आवाज त्याच्याआधी गल्लीत पोचला पाहिजे. घरातले प्रेमळ आजोबा एक जुनी गाडी विकायला तयार नसतात. कंजूष माणसाची स्कूटर ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. एका विद्यार्थ्याने तर लिहिले होते की, पात्र बदलले हे दाखवायला लेखकाला संवाद लिहावा लागत नाही, गाडी बदलली की पुरते. हे वाक्य मी वर्गात वाचून दाखवले.

मैंदर्गीकडून येणारी, घरी कन्नड बोलणारी एक मुलगी आहे. तिने पानभर काही लिहिले नव्हते. तिचा मजकूर एवढाच होता: मी या मालिकेतला ड्रायव्हर निवडला होता, पण त्याला नाव नाही, आडनाव नाही, घर नाही, म्हणून त्याचे व्यक्तिचित्रण करता येत नाही.

मी तिला दहापैकी दहा गुण दिले. माझ्या मते दूरचित्रवाणीच्या समीक्षेचे सारे सूत्र त्या वाक्यात आहे आणि हा लेख म्हणजे त्या वाक्यावरचे भाष्य आहे.

हे वाक्य मला झोंबण्याचे कारणही सांगून टाकतो, कारण समीक्षकाने आपण कुठे उभे राहून पाहतो हे लपवू नये. माझे वडील ड्रायव्हर. आधी एका बागायतदाराचा ट्रॅक्टर, मग दुसऱ्याच्या मालकीची जीप. त्या जीपवर त्यांनी अक्कलकोट ते दुधनी रस्त्यावर वर्षानुवर्षे वडाप केली. नऊ माणसांच्या जागेत सोळा माणसे बसवण्याची विद्या त्यांना अवगत होती. जीपमध्ये मालक त्यांच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसे. घरी गेल्यावर मात्र वडिलांची कपबशी खिडकीच्या कोनाड्यात वेगळी असे. ती ते स्वतः विसळून पालथी ठेवत. गाडीत चालणारा स्पर्श घरात चालत नव्हता. या विसंगतीबद्दल वडील कधी बोलले नाहीत. मी बी. ए.ला असताना विचारले तेव्हा म्हणाले, "गाडीत त्याला माझी गरज होती, घरात नव्हती." घराण्यातला पहिला पदवीधर होऊन मी जी समाजशास्त्राची पुस्तके वाचली, त्यांपैकी बऱ्याच पुस्तकांत एवढे स्पष्ट काही सापडले नाही.

वडील मालिका पाहतात, पण त्यांची पाहण्याची तऱ्हा निराळी. नायक-नायिकेच्या दुःखाशी त्यांना फारसे देणेघेणे नसते. ते ड्रायव्हरकडे पाहतात. "ह्यानं हँडब्रेक न ओढताच दार उघडलं." "ही गाडी आठ दिवसांत एकदा तरी डिझेलला गेली का?" "मालक आत जेवतोय, हा कुठं जेवला?" शेवटचा प्रश्न समीक्षेचा आहे. मालिकेत मालक लग्नाला जातो, दवाखान्यात जातो, प्रेयसीला भेटायला जातो. तिथे चार-चार तास रमतो. तेवढा वेळ ड्रायव्हर कुठे असतो? आमच्या गावात याचे उत्तर दर गुरुवारी दिसते. स्वामी समर्थांच्या दर्शनाला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. मंडळी देवळात आणि अन्नछत्रात जातात. बाहेर ओळीने उभ्या गाड्यांतून पुढची दोन्ही दारे उघडी टाकून, पाय बाहेर काढून ड्रायव्हर लोक पडलेले असतात. रात्रभर गाडी चालवून आलेले आणि पुन्हा रात्रभर चालवत जाणारे. २०२० पासून 'जय जय स्वामी समर्थ' या मालिकेमुळे आमच्या गावाचे नाव घरोघर रोज घेतले जाऊ लागले. पण त्या गाड्यांच्या ओळीवर मालिका काढावी असे कुणाला सुचलेले नाही.

आता एक नामांकित उदाहरण घेऊ. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही हिंदी मालिका २००८ साली सुरू झाली आणि आमच्या गल्लीतली लहान पोरे ती तोंडपाठ म्हणतात. तीत आत्माराम तुकाराम भिडे हे मराठी पात्र आहे. शिकवणी घेणारा मास्तर, सोसायटीचा सेक्रेटरी, पैशापैशाचा हिशेब ठेवणारा. त्याची एक जुनी स्कूटर आहे आणि तिचे नाव आहे 'सखाराम'. भिडे सखारामला जपतो, पुसतो, त्याच्याशी बोलतो. सखारामला काही झाले तर घरात सुतक पडल्यासारखे होते. वाहनातून व्यक्तिमत्त्व कसे उभे करावे याचा हा चांगला नमुना आहे, हे मला मान्य आहे. नव्या गाडीची ऐपत नाही, पण जुनीची लाज वाटू द्यायची नाही, हा मराठी पांढरपेशा मास्तराचा स्वभाव त्या स्कूटरमध्ये नेमका उतरला आहे. मी स्वतः मास्तर असल्यामुळे मला तो आवडतोही.

पण 'सखाराम' या नावापाशी मी अडखळतो. जुन्या मराठी नाटकांतून घरगड्यांना असली नावे असत. गडी आता घरातून गेला. त्याचे नाव स्कूटरला मिळाले आणि त्याच्या वाट्याची मायाही स्कूटरला मिळाली. स्कूटर आजारी पडते, रुसते, बरी होते. जी गाडी हाडामांसाचा माणूस चालवतो, तिथे मात्र तो माणूस "ड्रायव्हर, गाडी काढ" एवढ्या तीन शब्दांत संपतो. फार झाले तर 'ड्रायव्हरकाका'. काका म्हटले की नाव विचारायची जबाबदारी टळते.

कुणी म्हणेल, हा वर्गाचा प्रश्न आहे, यात जात कुठून आली? टीव्हीचा बनाव इथेच आहे. टीव्हीवरच्या ड्रायव्हरला जात नसते. तो खाकी किंवा पांढऱ्या कपड्यांतला एक बिनजातीचा पाठमोरा इसम असतो. मालकाला मात्र गोखले, देशमुख, सुभेदार असे आडनाव असते, कुलदैवत असते, गावाकडे वाडा असतो. या बनावाचा खोटेपणा पाहायचा तर आपल्याला सुमारे सव्वाशे वर्षे मागे, मसूरच्या रेल्वे स्टेशनावर जावे लागेल.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या छोट्या आत्मकथनात १९०१ सालचा तो प्रसंग लिहून ठेवला आहे. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल. सुट्टीत त्यांच्याकडे जायला बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचे असे सारे पोरवयाचे प्रवासी साताऱ्याहून निघतात. अंगावर नवे चांगले कपडे. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुले वाटतात. जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. बाहेर बैलगाड्या उभ्या असतात, भाडे द्यायला मुलांजवळ पैसे असतात, पण एकही गाडीवान तयार होत नाही. अखेर तोड निघते ती अशी: भाडे दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. अंधार पडल्यावर मात्र तोच गाडीवान गाडीत चढून त्यांच्याजवळ बसतो.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आता बाबासाहेब बॅरिस्टर आहेत, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद आहेत. महारवाड्यातले लोक त्यांना मुक्कामाला नेण्यासाठी स्टेशनवर येतात. टांगा मिळायला तासाहून अधिक वेळ जातो, कारण महाराला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्याला कमीपणाचे वाटते. इथेही तोड निघते: टांगा देतो, पण हाकणार नाही. मग वस्तीतलाच, टांगा हाकण्याचा सराव नसलेला एक माणूस लगाम हाती घेतो. पुलावर अपघात होतो, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जातात आणि त्यांचा पाय मोडतो. बॅरिस्टरच्या तुलनेत टांगेवाला कोण? पण तो स्वतःला या बॅरिस्टरपेक्षा श्रेष्ठ समजतो, हे त्यांनी त्या वेळी ओळखले आणि लिहिले.

या दोन प्रसंगांत वाहनाचे सारे व्याकरण उलटे झालेले आहे. टीव्हीवर मागे बसलेल्याला व्यक्तिमत्त्व असते आणि हाकणारा निर्जीव असतो. मसूरला आणि चाळीसगावला मागे बसणारा महार निघाला, त्याबरोबर हाकणाऱ्याला एकाएकी व्यक्तिमत्त्व प्राप्त झाले. त्याला जात आली, इभ्रत आली, नकार देण्याचा अधिकार आला. म्हणजे हाकणाऱ्याला व्यक्तिमत्त्व नसते हे खरे नाहीच. ते कुणासमोर दाखवायचे आणि कुणासमोर गिळायचे हे तो पक्के जाणतो. आजच्या मालिकेतल्या ड्रायव्हरने कधी "मी या माणसाला बसवणार नाही" म्हटल्याचे तुम्ही पाहिले आहे काय? तो म्हणत नाही, कारण मागच्या सीटवर आपला माणूस बसवण्याची वेळच मालिकेने येऊ दिलेली नाही. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका २०१९-२० मध्ये स्टार प्रवाहवर झाली, तेव्हा आमची वस्ती संध्याकाळी टीव्हीपुढे एकत्र बसे. तेवढे दिवस वडिलांनी कुणाच्याही हँडब्रेकवर टीका केली नाही. पण ती मालिका संपली की पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा चाक, दार आणि बूट.

परदेशातही हाच खेळ आहे, फक्त रंग निराळे. ब्रिटिशांचा 'मिस्टर बीन' आमच्या खेड्यापाड्यांतली पोरे पाहतात. बीनची पोपटी रंगाची छोटी मिनी आणि तिच्या दाराला लावलेले कुलूप हेच त्याचे चरित्र आहे: संशयी, हट्टी, एकलकोंडा. पण त्याच मालिकेत एक फिकट निळी तीनचाकी गाडी वारंवार येते. बीन तिला धक्का मारतो, कलंडवतो, रस्त्यावरून ढकलून देतो. लोक पोट धरून हसतात. त्या तीनचाकीच्या चालकाचा चेहरा कधी दिसत नाही. मीही अनेक वर्षे हसलो. परवा घरी पोरांबरोबर पाहताना हसू आले नाही. तीनचाकीवर पोट भरणारी निम्मी वस्ती माझ्या दारात राहते.

अमेरिकेतला 'कोलंबो' हा गुप्तहेर मोडक्या प्यूजो गाडीतून येतो. श्रीमंत खुनी त्याच्या गाडीवरून आणि चुरगळलेल्या रेनकोटवरून त्याला कमी लेखतात आणि त्यातच सापडतात. आपल्याकडे या पात्राचे फार कौतुक होते. पण मोडकी गाडी हे हत्यार म्हणून त्यालाच वापरता येते, ज्याच्या खिशात पोलिसांचा बिल्ला आहे. बिल्ला नसलेल्याची मोडकी गाडी हा नुसता संशयाचा विषय असतो.

याहून बोलके उदाहरण 'द ड्यूक्स ऑफ हॅझार्ड' या १९७९ ते १९८५ च्या मालिकेचे. दोन उमदे गोरे चुलतभाऊ, त्यांची नारिंगी डॉज चार्जर गाडी, तिच्या उंच उड्या. गाडीचे नाव 'जनरल ली', म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा सेनापती. गाडीच्या टपावर त्याच बंडखोर दक्षिणेचा झेंडा रंगवलेला. कोट्यवधी लोकांनी ती 'खोडकर पोरांची गाडी' म्हणून पाहिली, मुलांनी तिची खेळणी विकत घेतली. जून २०१५ मध्ये चार्ल्स्टन येथील चर्चमध्ये एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने नऊ काळ्या भाविकांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर एकाएकी सर्वांना टपावरचा झेंडा दिसला. वाहिनीने पुनःप्रक्षेपण थांबवले, झेंड्याची खेळणी बंद झाली. काळ्या प्रेक्षकांना तो झेंडा पहिल्या दिवसापासून दिसत असणार. आपल्या मालिकांतल्या गाड्यांच्या टपावर काय रंगवलेले आहे, हे पाहायला आपणही नऊ मुडद्यांची वाट पाहायची काय?

ज्या वाङ्मयाने पँथरच्या पिढीला बळ दिले, त्या काळ्या अमेरिकेची दुसरी बाजूही टीव्हीवर होती. 'सॅनफर्ड अँड सन' ही १९७२ ते १९७७ ची मालिका. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातले भंगारवाले बापलेक, आणि त्यांचा खटारा झालेला फोर्ड ट्रक. ट्रकच्या दारावर बापलेकांच्या धंद्याचे नाव रंगवलेले. मालिका विनोदी होती, तिच्यावर आक्षेपही घेता येतील. पण त्या ट्रकचा मालक आणि चालक एकाच घरातला होता. आपल्याकडे याला फार सुंदर जोडशब्द आहे: चालक-मालक. मराठी मालिकेत मी हा जोडशब्द ऐकलेला नाही. आणि आमच्या वस्तीत तर सगळे स्वप्न याच शब्दात मावते. १९७८ साली महात्मा फुले महामंडळ झाले. बीज भांडवलाचे कर्ज काढून कुणी रिक्षा घेतली, कुणी टेम्पो. बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना आहे. या कर्जासाठी सोलापूरला किती खेटे घालावे लागतात, जामीनदार कसा शोधावा लागतो, पहिल्या हप्त्याआधी क्लच प्लेट कशी जाते, यात मालिकेच्या शंभर भागांचा ऐवज आहे. रिक्षाच्या पाठीवर रंगवलेले 'रमाई' किंवा 'भीमाची लेक' हे नाव वाचता आले, तर तिथे सखारामइतकेच, किंबहुना अधिक सजीव पात्र उभे राहील.

पडद्यावर काही वेगळे झालेच नाही असे मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातून आलेल्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला आणि तेव्हापासून तो टीव्हीवर इतक्यांदा लागला आहे की, आता ती मालिकाच म्हणायची. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. पोरी टाळ्या वाजवतात, आणि वाजवाव्यात. पण ती बुलेट पाटलाच्या घरातली आहे. आर्चीचा निर्भयपणा तिचा स्वतःचा खरा, तरी त्याच्या टाकीत पेट्रोल बापाच्या सत्तेचे आहे. मासेमारी करणाऱ्याचा परशा तेवढ्याच बेदरकारपणे तिच्या गल्लीत बुलेट नेऊ शकेल काय? मंजुळे हे जाणतात, म्हणूनच घर सोडल्यावर आर्चीजवळ बुलेट उरत नाही. वाहन आणि व्यक्तिमत्त्व यांची फारकत करून दाखवणारे याहून मोठे उदाहरण मला मराठी पडद्यावर माहीत नाही.

२०२३ साली आलेली 'दहाड' ही हिंदी वेब मालिका मी विद्यार्थ्यांबरोबर मोबाईलवर पाहिली. राजस्थानातल्या छोट्या गावातली फौजदार अंजली भाटी. मूळ आडनाव मेघवाल. जात झाकण्यासाठी बापाने बदललेले. ती मोटारसायकलवरून गावभर फिरते. ठाण्यातला एक शिपाई ती जवळून गेली की उदबत्ती लावतो. एका घराचा मालक तिला उंबऱ्याबाहेर अडवतो, तेव्हा ती कायद्याची भाषा बोलून आत जाते. या मालिकेत त्रुटी आहेत. दलित स्त्रीचे दुःख पुष्कळदा रहस्यकथेच्या मसाल्यात विरघळते. परंतु तिच्या मोटारसायकलकडे पाहताना मला प्रथमच असे वाटले की, हे वाहन कुणाची ऐपत सांगत नाही. ही बाई कुणाच्या मागे बसलेली नाही आणि कुणाला पुढे बसवून हाकवत नाही, एवढेच ते सांगते. मैंदर्गीची ती मुलगी हे पाहताना अजिबात बोलली नाही. नंतर तिने विचारले, "सर, लायसन्सला किती खर्च येतो?"

इथे आपल्यालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. वर्गातल्या एका मुलाने मला सरळ विचारले, "सर, आपण फॉर्च्युनर घ्यायची नाही का? त्यांनीच घ्यायची?" प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या नवरदेवाला घोड्यावर बसू दिले जात नाही, त्यांच्या गाडीच्या हौसेला चंगळवाद म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणाला नाही. उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात २०१८ साली एका दलित तरुणाला आपली वरात ठाकुरांच्या गल्लीतून नेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ती बग्गीतून निघाली ती पोलीस बंदोबस्तात. त्याला बग्गी हवी होती ती मिरवण्यासाठी नव्हे. रस्ता आपलाही आहे हे ठरवून घेण्यासाठी. बाबासाहेबांचा कोट आपण याच अर्थाने पाहतो. तेव्हा गाडी घ्या, जरूर घ्या.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. टीव्हीने आपल्याला गाडीचे स्वप्न दिले ते मागच्या सीटचे दिले. आमच्याकडे जयंतीच्या सभेला पुढारी येतात. पांढऱ्या गाडीचे दार कार्यकर्ता धावत जाऊन उघडतो. आधी बूट दिसतो, मग चेहरा. अगदी मालिकेतल्यासारखे. सभेत समतेवर भाषण होते. बाहेर त्यांचा ड्रायव्हर, बहुधा आपल्याच वस्तीतला पोरगा, स्टिअरिंगवर डोके टेकून झोपलेला असतो. त्याला जेवणाचे विचारायचे कुणाच्या लक्षात राहत नाही. मागच्या काचेवर 'जय भीम' लिहिलेले असते.

आपल्या साहित्याने हे आधी केले आहे, म्हणूनच मालिकांकडून मागण्यापूर्वी स्वतःकडून मागतो. शरणकुमार लिंबाळे आमच्या अक्कलकोट तालुक्यातले. १९८४ च्या 'अक्करमाशी'त एस.टी. स्टँड आहे, तिथली हमाली आहे, उतारूंच्या ओझ्यावर जगणारे माणूस आहे. तिथे गाडी बाहेरून, खालून दिसते, चाकाच्या बाजूने. १ जून १९४८ ला पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला गेली. तिकीट काढले की सीट मिळते आणि ड्रायव्हर-कंडक्टरने जात विचारायची नसते, हा मसूरच्या गाडीवानाला दिलेला जबाब होता. पण त्या एस.टी.च्या स्टिअरिंगवर बसलेल्या आपल्या माणसांची आत्मकथने अजून लिहायची आहेत. कवी-प्राध्यापकांची झाली, माझ्यासारख्यांची तर गरजेपेक्षा जास्त झाली. वडापवाल्याचे झालेले नाही.

मी दोन वर्षांपूर्वी जुनी अल्टो घेतली. पहिल्या दिवशी वडिलांना म्हणालो, तुम्ही मागे बसा, आज मी चालवतो. ते मागचे दार उघडून क्षणभर उभे राहिले, मग ते लावून पुढे येऊन बसले. सोलापूर नाका येईपर्यंत गप्प होते. नाक्यावर म्हणाले, "मागं बसलं की रस्ता दिसत नाही." मग मी तिसऱ्या गिअरवर फार वेळ राहतो म्हणून त्यांनी मला झापले, आणि वळसंगच्या पुढे गाडी थांबवायला लावून स्वतः चालवायला घेतली.